पाणी न गळणारी टोपी

मित्रांनो, मी एक जुनी लोकरीची टोपी आहे. "विणकाम बायकांचं" म्हणणार असाल तर आधीच सांगते, गप बसा! आमच्या ताकिले बेटावर टोप्या पुरुषच विणतात. बायका सूत काढतात. पोरगा जरा मोठा झाला की त्याच्या हातात सुया. का? असंच! तुमच्याकडेही असंच असतं, फक्त उलटं.

आमच्यात होणाऱ्या जावयाने स्वतः विणलेल्या टोपीत मुलीचा बाप पाणी ओततो. गळलं, की लग्न मोडलं.

आलिपिओला देल्फिनाशी लग्न करायचं होतं. पण त्याचं विणकाम! मासे धरायचं जाळंच होते मी. शेवटी देल्फिनाने मेंढवाड्यामागे बसून मला उसवलं नि स्वतःच विणलं. आलिपिओ शेजारी त्यासाठी नवं सूत काढत बसला. ते मात्र केसासारखं बारीक!

परीक्षेला अख्खं गाव जमलं. देल्फिनाच्या बापाने, सेल्सोबाबांनी, माझ्यात पाणी ओतलं. मी पोट आवळून धरलं. एक थेंब नाही!

"शाब्बास आलिपिओ!" लोक ओरडले.

तेवढ्यात बाबांची चार वर्षांची नात निल्दा किंचाळली, "आजोबा, देल्फिनामावशी पुरुष झाली!"

"काय बडबडतेस गं?"

"खरंच! मेंढवाड्यामागे मी पाहिलं, टोपी तिनेच विणली. आलिपिओकाका सूत काढून बाई झाला!"

आलिपिओचं तोंड माझ्याहून लाल. देल्फिना पुढे आली. "हो बाबा, मीच विणली. बोला आता."

बाबांनी मला उलटं केलं. सगळं पाणी आलिपिओच्या पायांवर. मग माझा धागा बोटांत चोळून म्हणाले, "आणि हे सूत याने काढलं?"

"हो."

"घरात एक विणतंय, एक सूत काढतंय. मग अडलंय कुठे? लावा लग्न!"

"पण नवरी कोण?" निल्दाने विचारलं.

"लग्नात बघ."

निल्दाने त्याच दिवशी सुया धरल्या. रोज पाण्यात वाकून बघायची, मिशी फुटली का. नाही फुटली. जाम चिडली. पण सुया सोडल्या नाहीत. आज आलिपिओच्या डोक्यावर तिची टोपी असते, नि मी खुंटीवर. मला वाईट वाटत नाही. बरं, थोडं वाटतं.

मित्रांनो, जुन्या टोपीला कधीतरी ऊन दाखवा. धुतलीत तर पिळू नका, जीव जातो. नि कुणी सुया मागितल्या तर आधी मिशी बघत बसू नका. द्या.