आधी थोरलीला

अ‍ॅग्नेसच्या गळ्यातला चांदीचा टाक रुपयाएवढा होता. त्यावर एका स्त्रीची आकृती उठवलेली होती. ती कुंदा, दीनानाथची वारलेली पहिली पत्नी. राजूरच्या खाणीवर इंजिनियर असलेला दीनानाथ स्कॉटलंडहून दुसरी बायको घेऊन आला, तेव्हा त्याची मोठी बहीण पद्मजा यवतमाळहून मुद्दाम आली आणि तिने हा टाक नव्या भावजयीच्या गळ्यात बांधला.

"ही तुझी थोरली," पद्मजा म्हणाली. "नवं वस्त्र आलं की आधी हिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. एवढं पाळलंस की झालं."

"आणि नाही पाळलं तर, वन्सं?"

पद्मजाने भावाकडे पाहिले. भाऊ खिडकीबाहेर पाहत होता.

"ताईचं मन राख," तो नंतर एवढेच म्हणाला.

अ‍ॅग्नेसने राखले. हाताने जेवणे, मांडी घालून बसणे, वडीलधाऱ्यांसमोर पदर घेणे हे सारे ती शिकली होती. त्यात ही आणखी एक रीत. नव्या लुगड्याची घडी ती टाकाला लावी, कुंकू वाही, मग नेसे.

पण हळूहळू तिच्या काही गोष्टी ध्यानात येऊ लागल्या. मोलकरीण मैनाबाई कुंदाच्या वेळची. ती आंघोळीला कढत पाणी काढू लागली.

"एवढं गरम कशाला?"

"तुमाले असंच लागते ना, बाई."

अ‍ॅग्नेसने कधी तसे सांगितले नव्हते. तरी पुढे तिला त्याहून कोमट पाणी सोसेनासे झाले. जेवताना ती ताटातले लोणचे उजवीकडे सरकवू लागली. ते का, हे तिला सांगता आले नसते. अशा वेळी दीनानाथ तिच्याकडे मोठ्या मायेने पाही, आणि आत्ता आपण नेमके काय केले हे तिला आठवून पाहावे लागे. तिला या घरात राहायचे होते, मनापासून. पण अ‍ॅग्नेस म्हणून.

एकोणसाठच्या हिवाळ्यात टपालाने पार्सल आले. तिच्या आईने विणलेला निळा स्वेटर होता. लोकरीला माहेरच्या साबणाचा वास होता. अ‍ॅग्नेसने तो दारातच अंगात घातला.

मैनाबाईचा झाडू थांबला. "थोरलीले दाखवलं नाई?"

"हा माझ्या आईनं विणलाय. माझ्यासाठी."

"इणला असन. पण घर तं तिचं हाय, बाई."

मैनाबाई पुन्हा झाडू लागली. अ‍ॅग्नेसच्या मागची थोडी जागा तिने वगळली. कोणाच्या पायाला लागू नये म्हणून झाडू वळवावा तशी ती त्या जागेला वळसा घालून गेली.

दुपारी अ‍ॅग्नेसने स्वेटर खुर्चीवर टाकला आणि ती जरा पडली. जाग आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. हात गळ्याकडे गेला, टाकही नव्हता. देवघराच्या फडताळात स्वेटर नीट घडी करून ठेवलेला होता. त्यावर टाक, आणि टाकावर ओले कुंकू.

"मी कायले हात लावू?" तिची वळलेली नजर पाहून मैनाबाई दारातून म्हणाली. तिच्या कडेवर भरलेली घागर होती. "मी तं नळावर गेलती."

तिच्या मागे दीनानाथ उभा होता, पाळीवर जायच्या कपड्यांत. त्याच्या बोटाला कुंकू होते. मैनाबाई आत निघून गेली.

"मी काढला," तो म्हणाला.

"तू तर ताईचं मन राखत होतास."

"खाली उतरायचं असतं, अ‍ॅग्नेस. डोक्यावर एवढी जमीन असते. रोज कुंदाला हात जोडून जातो, म्हणून पाय उचलतो."

"माझे वडील खाणीतच होते. भीती मला समजते. पण मी झोपलेली असताना माझ्या गळ्याला हात लावलास."

"जागी असतीस तर दिला नसतास."

"नसता दिला." ती फडताळाकडे वळली. "रोज तिच्याशी बोलतोस. माझं नाव तिला कधी सांगितलंस?"

तो बोटाचे कुंकू पुसू लागला.

"सांग. नाहीतर तो टाक मी पुन्हा बांधणार नाही. मग या घरात ती राहील आणि तू राहशील."

खाणीचा भोंगा झाला. दीनानाथने बूट काढले आणि हात जोडले.

"कुंदा," तो शेवटी म्हणाला, "ही अ‍ॅग्नेस. हा स्वेटर तिचा आहे. तिच्या आईनं विणलाय. तिचा तिला दे."

अ‍ॅग्नेसने टाक उचलून गळ्यात बांधला. मग स्वेटर घेतला. फडताळाच्या फरशीला ऊन कधी लागत नसे. दगड गार होता. पण लोकर उबदार होती, कोणी नुकतीच अंगातून काढून द्यावी तशी. एक हात बाहीत घालून ती थांबली.

"काय झालं?" बूट चढवता चढवता त्याने विचारले.

त्याला अजून खाली उतरायचे होते.

"काही नाही," ती म्हणाली. "लवकर ये." आणि तिने दुसरा हात बाहीत घातला.