मी डावा स्पीकर आणि काकांचा न ऐकलेला सूर

रविवारी सकाळी साडेअकरा वाजता घरातला छोटा ॲम्प्लिफायर बंद पडला. रेकॉर्डवरचे गाणे मध्येच तुटले. काका खुर्चीतून उठून म्हणाले, "अरे, आत्ताच मी येणार होतो!"

मित्रांनो, मी एक जुना स्पीकर आहे. डाव्या बाजूचा. उजवीकडे उभा असतो तो माझा जुळा भाऊ. एकाच फळीतून आमच्या पेट्या कापल्या, एकाच दुपारी आमच्या छातीत कागदी पडदे बसवले. पाठीवर छाप आहे: चार ओहम, सत्तर वॅट. आमचा आवाज खोल आहे, पण आम्हाला बोलते करायला ताकद लागते.

काका तरुणपणी एका वाद्यवृंदात डबल बास वाजवत. माणसाहून उंच, चार जाड तारांचे, घुमणारे वाद्य. त्या वाद्यवृंदाची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्या पाकिटावरच्या फोटोत काका आहेत, पण त्यांचा सूर घरात कोणी कधी ऐकला नव्हता. आवाज बारीक ठेवला की खालचे सूर सगळ्यात आधी हरवतात. वाढवला की तो चिमुकला ॲम्प्लिफायर घसा बसल्यासारखा खरखरायचा. त्या रविवारी तर तापून थेट मूर्च्छाच आली त्याला.

"तुला फोटोपुरतंच बोलावलं असेल रे," काकांची थोरली बहीण म्हणाली. तिला सगळे आत्या म्हणतात. काका हसले, पण त्यांचे कान लाल झाले. काकूंनी ते पाहिले.

"चला दुकानात," त्या म्हणाल्या. "आणि या दोघांनाही घ्या. पायात घालून बघितल्याशिवाय चप्पल घेतो का आपण?"

टॅक्सीत आम्हाला मागच्या सीटवर पट्टे बांधून बसवले. आत्या आमच्या मधे. "माझ्यापेक्षा यांचीच बडदास्त जास्त," ती कुरकुरली.

दुकानात काकांची नजर एका झगमगीत खोक्यावर खिळली. त्यावर लिहिले होते, हजार वॅट. काकूंनी ते एका हाताने उचलले. "अहो, हे रिकामं आहे का?"

"हजार म्हणजे क्षणभराचे, काकू," दुकानदार म्हणाला. "सतत चालवलं तर पंचवीस."

"मग हजार कशाला लिहिले?"

"खोक्यावर जागा होती."

मग त्याने एक काळा, साधा ॲम्प्लिफायर दाखवला. तो काकूंना दोन्ही हातांनीही हलेना. चार ओहमला सतत शंभर वॅट.

"सत्तरवाल्यांना शंभर? फुटतील की!" काका घाबरले. मीही घाबरलो.

"अंगात जोर असला म्हणजे सगळा वापरायलाच हवा असं नाही," दुकानदार म्हणाला. " उलट, दुबळा ॲम्प्लिफायर जोर संपला की किंचाळतो, आणि त्या किंचाळण्यानंच स्पीकर जळतात."

तारा जोडल्या. काकूंनी पिशवीतून आणलेली ती रेकॉर्ड दुकानातल्या प्लेअरवर चढवली. सुई टेकली. मित्रांनो, त्या दिवशी माझा पडदा पहिल्यांदा पोटभर हलला! गाण्याच्या तळाशी कोणीतरी शांतपणे चालू लागले: धुम्, धुम्, धुम्. जमीन गुणगुणली. आत्याने पर्स खाली ठेवली.

"हा तू?"

"मी."

"अरे, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

काका इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

एक विनंती करतो. खोक्यावरच्या आकड्याला भुलू नका. तो सततचा आहे का, हे विचारा. आवाज फाटू लागला की बटण मागे फिरवा. आणि आमच्या पडद्याला बोट लावू नका. आम्हाला गुदगुल्या होत नाहीत, भोक पडते.

आता घरी त्या काळ्या ॲम्प्लिफायरवर रेकॉर्ड रोज वाजते. आज संध्याकाळी तिसऱ्या गाण्याच्या शेवटी काकूंनी मान वर केली. "अहो, इथे खालचा सूर चुकला ना?"

"तिथे मी वाजवतच नव्हतो," काका म्हणाले.

सुई पुन्हा त्याच जागी ठेवण्यात आली आहे. आवाज जरा बारीक करा, असे काका सांगत आहेत. बटणावर आत्याचा हात आहे. तो अजून कोणत्याच बाजूला फिरलेला नाही.