बाहेरची शिवण

मित्रांनो, मी एक जुना सुती सदरा आहे आणि सध्या भयंकर चिडलेलो आहे. तेव्हा गोडगोड ऐकायला मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आधी मी बाबांचा होतो. धुऊन धुऊन अगदी मऊ पडलो, तेव्हा आईने मला कापून लेकीच्या, बिट्टीच्या मापाचं केलं. आई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईमशीन चालवते. तिने माझी शिवण मुद्दाम बाहेरच्या बाजूला घेतली, कारण बिट्टीला इसब आहे. उन्हाळ्यात घामाने तिचं अंग चुरचुरतं, थंडीत कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीतली कातडी कोरडी पडून फुटते. शिवणीचा साधा दोराही तिला काट्यासारखा टोचतो.

आमचं रोजचं ठरलेलं होतं. कोमट पाण्याने झटपट आंघोळ, अंग न घासता नुसतं टिपायचं, ओलसर असतानाच मलम लावायचं, मग मी आणि माझ्यावर स्वेटर. कातडी बरी दिसली तरी मलम बंद करायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. मागची थंडी बिट्टीने न खाजवता काढली. त्याचा मला अभिमान होता, आणि का नसावा?

यंदा गार वारे सुटले आणि नेमकं आईला कारखान्यात जादा काम लागलं. घर बघायला आत्या आली. आत्या प्रेमळ आहे, पण टापटिपीचं तिला वेड आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बघून तिने कपाळाला हात लावला.

"पोरीला उलटा सदरा घालून शाळेत पाठवता? लोक काय म्हणतील?"

"आत्या, तो तसाच असतो," बिट्टी म्हणाली.

"तू गप गं. आज वर्गाचा फोटो आहे ना?"

आत्याने तिला कढत पाण्याने खसाखसा घासून न्हाऊ घातलं. स्वेटरला डाग पडतील म्हणून मलमाची डबी कपाटात टाकली. लोकरीचा तो नवा स्वेटर तिने हौसेने विणून आणला होता. तो बिट्टीच्या उघड्या अंगावर चढवला. आणि मला, मित्रांनो, मला तिने ओटा पुसायला घेतलं.

शाळा सुटल्यावर बिट्टी रडतच घरी आली. दोन्ही कोपर रक्ताळले होते. फोटोच्या रांगेत ती खाजवायला लागली, तशी शेजारची मुलगी ओरडली, "लांब हो, मला होईल." सगळी रांग सरकली. बाईसुद्धा म्हणाल्या, "बाळ, तू जरा कडेला उभी राहा." तिच्या बाकावरची मैत्रीण तर दप्तर उचलून मागे जाऊन बसली. संध्याकाळी आई कारखान्यातून आल्यावर हे सगळं ती हुंदके देत तिला सांगत होती आणि मी ओट्यावर ओलाचिंब पडून ऐकत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आईने आधी कोपर पाहिले, मग मला. ती ओरडली नाही. तिने बिट्टीला मलम लावलं, मऊ चादरीत गुंडाळलं आणि तो स्वेटर आत्याच्या उघड्या मानेभोवती घातला.

"ताई, मी चहा टाकते. तोवर हा काढायचा नाही."

चहाला उकळी यायच्या आत आत्याची बोटं मानेकडे गेली.

"अगं, टोचतंय हे."

"तुमची कातडी धडधाकट आहे," आई म्हणाली. "तिची फुटलेली आहे."

आत्याने चहा घेतला नाही. उठून तिने मला धुतलं, वाळवलं आणि शिवण बाहेर ठेवूनच माझी घडी केली. मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण तिला ठाऊक नव्हतं आणि कळल्यावर ती सुधारली, एवढं मी मान्य करतो.

माझा खरा राग त्या सरकलेल्या रांगेवर आहे. इसब एकाचं दुसऱ्याला होत नाही. आता हे तुम्हालाही ठाऊक झालं आहे, म्हणजे सबब संपली. बिट्टीच्या शेजारची जागा आता रिकामी आहे. उद्या शाळेत मी तिथेच असेन, तिच्या स्वेटरच्या आत. बघतो कोण येऊन बसतं ते.