बाईंचा भाता

माझा डावा हात कोपराखाली नाही. पेटीला मात्र दोन हात लागतात, एक सुरांवर आणि एक भात्यावर. म्हणून रिसोडच्या क्लासात उज्ज्वलाबाई शेजारी बसून भाता मारायच्या आणि मी उजव्या हाताने वाजवायचे.

लोक म्हणायचे, यूसरा किती छान वाजवते. मला राग यायचा. जिथे मला सूर हळूच सोडायचा असे, नेमका तिथेच बाई जोर लावायच्या. बोटं माझी, पण दम त्यांचा.

एक दिवस मी वाजवणं थांबवलं. "बाई, उद्यापासून भाता मीच मारीन."

"कायनं मारशीन?"

मी कोपर पुढे केलं.

बाई हसल्या नाहीत, डोळ्यांत पाणीही आणलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी दप्तराचा जुना पट्टा भात्याला स्क्रूने बसवला आणि माझ्या कोपरात अडकवला. पेटी नुसतीच घरघरली. कोपर सोलून निघालं. बाईंनी पट्ट्याखाली फडकं गुंडाळलं आणि म्हणाल्या, "आखीन एक डाव."

गॅदरिंगला मी पेटीपुढे एकटी बसले. बाई पहिल्या रांगेत होत्या. सूर हळू सोडायची जागा आली आणि मी वर पाहिलं. बाईंचा हात मांडीवर मागेपुढे होत होता, सवयीने आणि माझ्यापेक्षा जोरात.

मी मानेनेच नाही म्हटलं.

बाईंनी तो हात मांडीखाली दाबून धरला. मग मी सूर सोडला, मला हवा तेवढाच.