डब्यातली शिट्टी

सून शिस्तीची, यात वाद नाही. बॅटरी आतच बसवलेली वस्तू कचऱ्यात टाकली की पेट घेते, हे ती शेजाऱ्यांना पकडून पकडून सांगायची. बिघडलेला ब्रश, दाढीचं मशीन, फुगलेला फोन, सगळं न उघडता चिकटपट्टीत गुंडाळून डब्यात भरायची. आज त्या डब्यात तिने सासऱ्यांचं कानातलं यंत्रही घातलं. ते काही बिघडलेलं नव्हतं.

बंद पाडायचं होतं ते सासऱ्यांचं तोंड. रोज संध्याकाळी लेकीचा फोन आला की म्हाताऱ्याची कळी खुलायची आणि सुनेची लक्तरं वेशीवर टांगली जायची. भाजी अळणी, चहा गार, सून घुमी. त्या एका फोनच्या आशेवर तो माणूस दिवस काढायचा, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

यंत्र शोधत सकाळभर उशा उलट्यापालट्या करून सासरे थकले, तेव्हा तिने खुणेनेच "चला" म्हटलं आणि डबा त्यांच्याच हातात दिला. उद्या कोणी विचारलंच, तर स्वतःच्या हाताने देऊन आले असं सांगता येणार होतं.

ई-कचरा जमा केंद्रातल्या माणसाने एकेक वस्तू बाहेर काढली. चिकटपट्टीची एक छोटी पुडी त्याच्या मुठीत जाताच, कानाचं चालू यंत्र झाकलं की वाजतं तशी, शिट्टी वाजवू लागली.

"आजोबा, हे चालू दिसतंय. टाकायचंय नक्की?"

सासऱ्यांची खोड अशी, की ऐकू आलं नाही तर हसून मान डोलवायची. बहिरा म्हणवून घ्यायची भारी लाज.

"हो हो," ते म्हणाले.

माणसाने सुनेकडे पाहिलं. ती पर्समध्ये किल्ली शोधत राहिली. पुडी वाळूच्या पिंपात गेली.

"किती काळजीने करतेस गं सगळं, सूनबाई," परतताना म्हातारा म्हणाला. मेलीला तेवढ्यानेही काही वाटलं नाही.

संध्याकाळी सासरे फोन समोर धरूनच बसले होते. पडदा उजळताच त्यांनी तो कानाला लावला. आवाज नेहमीसारखा मोठा ठेवलेला, त्यामुळे स्वयंपाकघरात शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बाबा, रागावू नका. रोज फोन करणं आता जमत नाही हो. महिन्यातून एकदा केला तर चालेल?"

"हो हो."

लेकीने विचारलं, "तुम्हाला काहीच वाटणार नाही?"

"हो हो," म्हातारा हसून म्हणाला.

"बरं," दुखावलेल्या आवाजात लेक म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सुंठीवाचून खोकला गेला होता. सून हात पुसत बाहेर आली, तर सासरे फोन मांडीवर घेऊन समाधानाने बसलेले.

"उद्या जरा लवकर करते म्हणाली," ते म्हणाले.