मुशीच्या तेलाची शपथ

गाडी ओरडली, पण हलली नाही.

मर्हूनच्या जुन्या पिकअपच्या मागच्या हुकाला, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीचा दोर बांधलेला. दोराच्या टोकाला जाळं, आणि जाळ्यात तारली माशांचा असा थवा की पाणी उकळतंय असं वाटावं. मर्हूनने गिअर टाकला, क्लच सोडला. इंजिन घसा फोडून किंचाळलं आणि चाकं जागच्या जागी. दोर सैल पडला, जाळ्याची कड खाली बसली, आणि चंदेरी झालेलं पाणी बघता बघता पुन्हा निळं झालं. सगळा किनारा तोंड उघडं टाकून उभा.

आमच्याकडे रापण पाळीने पडते. ज्याची हुकली त्याची हुकली, दोर पुढच्याच्या हातात जातो. पुढचा होता सुवैलिम, मर्हूनच्या भिंतीला भिंत लावून राहणारा.

मर्हून गाडीतून उतरला तो थेट त्याच्या अंगावर गेला. "तूच! कालपर्यंत ही गाडी डोंगर ओढत होती. माझी पाळी गेली तर मिळाली कुणाला? तुला!"

"रोजा तर नाही ना तुझा? मग सकाळी सकाळी डोकं का फिरलंय?" सुवैलिम हसत म्हणाला. हा थट्टा करत नाहीये हे कळलं तेव्हा त्याचं हसू चेहऱ्यावरच वाळलं.

दर्याचे पंच हमूदकाका काठी टेकत मधे आले. "गाडी उघडा. तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर दोघांनी मशिदीच्या अंगणात कुराणावर हात ठेवून बोलायचं. सुवैलिमने केलं असेल, तर या हंगामात त्याचं जाळं पडणार नाही. मर्हून, तू उगाच नाव घेतलं असशील, तर तुझं पडणार नाही."

हंगाम म्हणजे आमची वर्षाची भाकरी.

गावात गाडी उघडायची म्हणजे मी. झावळ्यांच्या मांडवात चाकांखाली दगड लावले, बिस्मिल्ला म्हटलं आणि शाफ्ट सोडवला. गिअरबॉक्सखाली जुना टायर सरकवला. मर्हून दर बोल्टमागे विचारत होता, "दिसलं का काही?"

"अरे, भाकरी उलटतोय का मी? थांब जरा. क्लच घसरतो तो प्लेट झिजली म्हणून, नाहीतर तिला तेल लागलं म्हणून."

गिअरबॉक्स मागे ओढला आणि आतून दाट पिवळी धार माझ्या मनगटावर आली.

"तेल!" मर्हून ओरडला. रागापेक्षा त्यात आनंदच जास्त होता. "बघितलंस? आता सगळ्यांसमोर दाखवतो त्याला!"

मी बोट बुडवलं. इंजिनाचं तेल काळं असतं, त्याला जळका वास येतो. हे पिवळं, चिकट, आणि वास असा की थेट टाळूत शिरावा.

"मर्हून, हुंग."

त्याने हुंगलं. त्याच्या चेहऱ्यावरचं सगळं उतरत गेलं, भरती ओसरावी तसं. मुशीचं, शार्क माशाचं तेल. गावात मुशीची काळिजं उकळून तेल काढणारं आता एकच घर उरलं आहे. त्याचं स्वतःचं.

तेवढ्यात त्याचे वडील, बाबा शुवैन, हातात डबा आणि चिंधी घेऊन मांडवात शिरले. "उघडलीत होय? बरं झालं. आतूनही हात फिरवतो."

"बाबा… हे तुम्ही?"

"मग कोण? खारं पाणी लोखंड खातं, कितीदा सांगितलं तुला! पहाटे सगळं बूड चोपडलं. बाजूला एक फाटकं रबर होतं, ते काढलं, आत भोक दिसलं, ओतलं पोटभर. काथ्याने शिवलेल्या होड्यांवर उभा जन्म गेला माझा. शिवण तेल प्यायली की होडी पाणी घेत नाही." गाडीच्या पाठीवर थाप मारून म्हातारा निघून गेला.

मर्हून वाळूत बसला. "अंगणात काय सांगू? बापाचं नाव घेतलं तर पोरंटोरं हसतील त्याला. नाही घेतलं तर सुवैलिमचा गळा कापला जातो."

"कुराणासमोर खरं तेच."

"तुझं काय जातं बोलायला!"

तेलाने निथळणारी प्लेट त्याने मांडीवर धरली होती. अजान झाली तरी सोडली नाही.

मशिदीचं अंगण दर्याकडे उघडं आहे. सुवैलिम अंघोळ करून, धुवट पांढरा झगा घालून आला होता. थवा परतला म्हणून त्याच्या मुलाने तेवढ्यात जाळं घातलं होतं आणि दोर त्यांच्या गाडीला बांधून बापाची वाट बघत होता. हमूदकाकांनी कुराणाचं कापड सोडलं.

मर्हूनने प्लेट जमिनीवर ठेवली. "सुवैलिमने काही केलेलं नाही. तेल माझ्या घरचं. माझा हंगाम गेला, कबूल."

"ओतलं कुणी?" हमूदकाकांनी विचारलं.

मर्हून प्लेटकडे बघत म्हणाला, "मी."

"हात ठेवून सांग."

त्याचा हात उठला. बापासाठी हा कुराणावर खोटं बोलणार!

"तू?" मागून बाबा शुवैन गरजले. "तुला साधा बोळा भिजवता येत नाही! मी ओतलं. सुवैलिमच्याही गाडीला पाजलंय पहाटेच. शेजाऱ्याची गाडी काय उपाशी ठेवू?"

सुवैलिम गर्रकन किनाऱ्याकडे वळला.

आणि किनाऱ्यावरून इंजिनाची किंकाळी आली.

सुवैलिमच्या मुलाला राहवलं नव्हतं. गाडी ओरडत होती. चाकं हलत नव्हती.

"दोर!" सुवैलिम ओरडला. पण त्याच्याआधी मर्हून पळाला होता. त्याच्यामागे आम्ही सगळे, नमाजचे झगे गुडघ्यापर्यंत खोचून. मर्हूनने दोर खांद्यावर घेतला, कुणीतरी जुनी हाळी उचलली, "या अल्लाह!", आणि कितीतरी वर्षांनी आमची रापण माणसांच्या ताकदीवर सरकली.

"सुवैलिम, मी तुला…"

"तोंड मग उघड. आधी ओढ!"

"हंगाम…"

"ओढ म्हणतोय ना! माझ्या मनात काही नाही. काकांनाही तेच सांगेन."

हमूदकाका कुराण जागेवर ठेवून सगळ्यांत शेवटी आले. ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांकडे त्यांनी बघितलं, मग बाबा शुवैनकडे.

"शुवैन… माझी गाडी?"

बाबांनी रिकामा डबा उलटा करून दाखवला. "तुझीच सगळ्यांत आधी. पंच ना तू!"