दाराच्या माथ्यावरचा आकडा

सोमवारी सकाळी तो लाकडी रेल्वेडबा तोडायला घेणार होते, आणि त्याला कारण भिंगरीचा मामाच होता!

मामा टपाल कचेरीत नोकरीला. पण रविवार उजाडला की गळ्यात कॅमेरा, खिशात टॉर्च आणि मागे भाची अशी त्याची स्वारी जुन्या रेल्वेडब्यांच्या शोधात निघे. "आमच्या बंधुराजांना नातेवाइकांची नावं आठवत नाहीत, डब्यांचे नंबर मात्र तोंडपाठ," असं भिंगरीची आई सगळ्यांना सांगायची. दोघांनी कुठले कुठले डबे धुंडाळले होते! एकाचं तर कोंबड्यांचं खुराडं झालं होतं, आणि मामाने त्या कोंबड्यांसमोर अर्धा तास भाषण ठोकलं होतं.

यार्डाच्या टोकाला उभ्या असलेल्या या डब्याचं वय यार्डमास्तरांनी मामालाच विचारलं होतं. शंभरी ओलांडलेला डबा संग्रहालयात जाणार, नाहीतर भंगारात. मामा बघायला आला त्या दिवशी दाराला कुलूप होतं. मामा डब्याखाली सरपटला, चाकांच्या सांगाड्यावरची सालाची पट्टी वाचली आणि ऐटीत लिहून दिलं : वय साठ वर्षं.

आज निदान शेवटचे फोटो तरी काढा, म्हणून यार्डमास्तरांनी किल्ल्यांचा जुडगा दिला होता.

आत पाऊल टाकताच भिंगरीने बाकाच्या कडेवरून हात फिरवला. कडा साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झिजलेली.

"मामा, साठ वर्षांत एवढं सागवान झिजतं?"

"अगं, पट्टी काय खोटं बोलेल?"

"पट्टी चाकांची आहे! आणि दुरुस्तीला गेलेल्या डब्यांची चाकं एकाची दुसऱ्याला बसवतात, हे मला कोणी शिकवलं?"

मामाचा चेहरा खर्रकन उतरला. तो मटकन बाकावर बसला. दाराकडे बघत पुटपुटला, "जुने सुतार प्रत्येक दार तासून-घासून त्याच्याच चौकटीत बसवायचे. गल्लत नको म्हणून दोन्हींवर डब्याचा नंबर ठोकायचे. दाराच्या माथ्यावर, कुणाला दिसणार नाही असा."

"मग बसलास काय? मला खांद्यावर घे."

"माझी कंबर जाईल गं!"

"कंबर गेली तर बाम लावू. डबा गेला तर काय लावणार?"

भिंगरी वर चढली. केसांच्या पिनेने तिने दाराच्या माथ्यावरची काजळी खरवडली. एक. एक. दोन. सात.

"अकराशे सत्तावीस!"

खालून मामा ओरडला. "हे अकराशेचे नंबर ज्या कारखान्याचे, तो बंद पडून एकशे आठ वर्षं झाली. पण दार बदललेलं असलं तर? चौकट बघ, चौकट!"

चौकटीवर रंगाचे थरावर थर. मामा कण्हत होता, पिन वाकली, भिंगरीचं नख तुटलं, आणि हळूहळू लाकडातून तेच चार आकडे वर आले.

आता खरा घाट पुढेच होता : चूक कबूल करायची. तीस वर्षं सगळे मामाचा शब्द प्रमाण मानत आलेले. "लोक हसतील गं," तो म्हणाला.

"हसू देत. मीही हसेन. पण डब्यात बसून!"

यार्डमास्तरांनी दोन्ही आकड्यांचे फोटो चष्मा वर सारून पाहिले. "म्हणजे तुमचाच कागद चुकला म्हणायचा?"

मामाने खिशातलं पेन काढलं. "सपशेल चुकला, साहेब. द्या, दुसरा लिहून देतो. आकडा हिने शोधला, तेही लिहितो."

यार्डमास्तरांनी भंगाराच्या यादीतल्या त्या डब्याच्या ओळीवर काट मारली आणि तोडकामाच्या ठेकेदाराला फोन लावला. मग यादीवर बोट ठेवून म्हणाले, "अजून तीन डबे आहेत. त्यांचंही वय असंच, खालून काढलंत?"

मामाने कान पकडले. भिंगरी मात्र किल्ल्यांचा जुडगा वाजवत केव्हाच रूळ ओलांडून पलीकडे पोचली होती.